खालची अक्षरं

"जावईबापू, हे चाक काऊन फिरून राह्यलं?" शरदमामांनी विचारलं.

टीव्हीच्या मधोमध ते पांढरं चाक फिरत होतं आणि त्याच्यामागे एका जुन्या मराठी सिनेमातला नायक तोंड उघडं ठेवून थिजला होता. हॉलमध्ये आम्ही पाच जण चिवड्याच्या बश्या मांडीवर घेऊन बसलो होतो. चारही माना माझ्याकडे वळल्या.

"नेट गेलं असेल," मी म्हणालो.

"नेट कायले पाहिजे? तुम्हीच तं सकाळी सांगितलं, याले नेट लागत नाही, सगळं घरच्या घरीच हाये म्हणून."

ते मीच सांगितलं होतं, आणि छाती फुगवून सांगितलं होतं. माझी ती हिंगणघाटची पहिली दिवाळी. दिवाळसणाला जावयाने रिकाम्या हाताने यावं आणि भरल्या हाताने जावं अशी रीत असते म्हणे, पण मी उलट करायचं ठरवलं होतं. माझे सासरे वामनराव काळमेघ जिनिंग फॅक्टरीतून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. सिनेमाचं भारी वेड. त्यांच्याकडे सिनेमांच्या डिस्कचं कपाट भरलेलं होतं आणि निम्म्या डिस्कना चरे पडले होते. लग्नानंतर मी त्या सगळ्या पुण्याला आमच्या घरी नेल्या, एकेक करून कॉपी केल्या आणि दोन हार्ड डिस्क बसवलेल्या एका डब्यात भरल्या. डबा घरच्या राउटरला जोडायचा, टीव्हीवर यादी उघडायची, हवा तो सिनेमा लावायचा. शिवाय त्यात आमच्या लग्नाची फिल्मही घातली होती.

हा सगळा खटाटोप सासऱ्यांसाठी होता, आणि खरं सांगायचं तर बायकोसाठी होता.

आमचं लग्न आमचं आम्ही जमवलेलं. मी कराडचा, ती हिंगणघाटची, जात वेगळी. घरी कुणी आरडाओरडा केला नाही. पण कल्याणीने जेव्हा फोनवर बाबांना माझ्याबद्दल पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते "हो हो, घे, आईशी बोल" एवढं म्हणाले आणि फोन देऊन मोकळे झाले. तेव्हापासून दर फोनला हेच. पाठवणीच्या वेळी तिला राहवलं नाही. बाबांच्या गळ्यात पडून तिने त्यांना विचारलं, "बाबा, माझ्यावर रागावलात का?"

आणि त्या माणसाने तिच्या पाठीवरून हात फिरवत सांगितलं, "हो, हो."

गाडीत ती वर्ध्यापर्यंत रडली. मुली पाठवणीला रडतातच, असं समजून मी आपला रुमाल पुढे करत राहिलो. खरं कारण तिने मला नंतर सांगितलं. "राग आहे तर आहे, पण हो म्हणून सांगायचं?" असं म्हणून ती पुन्हा रडली. त्या दिवाळीला मी मनाशी एकच गोष्ट धरून आलो होतो. काहीही करून या दोघांचं जुळवायचं. डबा हे माझं पहिलं अस्त्र होतं आणि ते पहिल्याच संध्याकाळी फुसकं निघालं होतं.

मामा माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. त्यांना हे चाक म्हणजे दिवाळीचा बोनसच मिळाला. "काय करते म्हटलं जावई? कंप्युटरमधे हाये ना?" ते आईंना विचारायचे.

"मामा, मी दवाखान्यांच्या बिलांचे प्रोग्राम लिहितो."

"मंग या डब्याचं बिल काढून पाहा, काय दुखते त्याचं."

मी कामाला लागलो. आधी राउटरवर संशय घेतला. त्याला देव्हाऱ्याजवळच्या कोनाड्यातून काढून टीव्हीशेजारी आणलं. चाक फिरलंच. मग वायफायचा नाद सोडून टीव्हीपर्यंत सरळ वायर ओढली. ती सोफ्याखालून जाताना आईंनी "पाय अडकून पडाल वो कोणी" म्हणून तिच्यावर सतरंजी घातली. सिनेमा थोडा चालला आणि पुन्हा चाक. मग डब्याच्या सेटिंगमध्ये शिरलो तर तिथे हार्ड डिस्कने जरा रिकामं बसलं की झोपी जावं अशी सोय करून ठेवलेली. सापडला चोर, म्हणून मी ती झोप बंद केली आणि सगळ्यांना पुन्हा गोळा केलं.

"चला, आता बघा."

पुन्हा चाक. नायक या वेळी शिंकायच्या बेतात असताना अडकला होता.

"याले बरं नाही वाटत," मामा म्हणाले. "वाफ देऊन पाहा."

सगळे हसले. आई म्हणाल्या, "अहो, शरद म्हणते वाफ द्या डब्याले!" मग बाबाही मोठ्याने हसले. आईंना प्रत्येक वाक्य पुन्हा म्हणायची सवय होती. कुणी चहा विचारला की "अहो, कल्याणी विचारते चहा घेता का," कुणी वेळ विचारली की "अहो, मामा म्हणते किती वाजले." मला ती सवय गमतीची वाटायची. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी नवऱ्याशी बोलायला निमित्त लागतं, असं मी कल्याणीला चिडवलंही होतं.

मला सगळ्यात जास्त छळत होती ती वेगळीच गोष्ट. लग्नाची फिल्म लावली की ती लोण्यासारखी चालायची. एकदाही चाक नाही. पण ती लागली रे लागली की बाबा उठायचे, पायात चपला अडकवायचे आणि ओसरीवर जाऊन बसायचे. कल्याणी पडद्याकडे बघत राहायची, पण तिचं लक्ष दाराकडे असायचं.

"पाहिलंस ना?" स्वयंपाकघरात ती मला हळूच म्हणाली. "सिनेमा अडकत अडकत तीन तास बघतील. माझं लग्न दहा मिनिटंसुद्धा बघवत नाही त्यांना."

"डबा नीट चालू दे, मग मी बोलतो त्यांच्याशी."

"तू काय बोलणार? तुझ्यामुळेच तर रागावलेत."

यावर नवऱ्याने काय बोलावं ते कुठल्याच सेटिंगमध्ये सापडत नाही. मी चकली घेऊन बाहेर आलो.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आईंनी डब्यालाही हळदकुंकू लावलं, आणि त्याचा गुण म्हणा की काय, दुपारी मला दुखणं सापडलं. सिनेमा चालू असताना डबा आत काय करतोय ते दाखवणारं एक पान असतं. तिथे बघतो तर डबा बिचारा घामाघूम. सिनेमा तयार होता, तो नुसता टीव्हीकडे पाठवायचा होता. पण या सिनेमांच्या खाली इंग्रजी सबटायटल होती. जुन्या डिस्कमधली ती अक्षरं म्हणजे चित्रंच असतात. ती दाखवायची तर डब्याला प्रत्येक चित्र उघडून त्यावर अक्षरं उमटवून सगळं पुन्हा बांधायला लागत होतं. आयती पोळी ताटात वाढायची सोडून तो प्रत्येक पोळी मोडून, कणीक नव्याने मळून, पुन्हा लाटत होता. एवढ्याशा डब्याच्या अंगात कुठून येणार तेवढं बळ?

लग्नाच्या फिल्मला अक्षरंच नव्हती, म्हणून ती सुरळीत चालत होती.

"आई, ही इंग्रजी अक्षरं कुणाला लागतात?"

"ते असतातच बाप्पा. आमच्या सगळ्या सिनेमाईले असतात."

मराठी घरात मराठी सिनेमा, आणि खाली इंग्रजी अक्षरं! मी ती बंद करून टाकली. संध्याकाळी सिनेमा लावला तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाण्यासारखा वाहत गेला. मामांनी उठून माझ्या पाठीत धपका घातला. "जमलं बाप्पा! पोट्टा कामाचा हाये!"

मी बाबांकडे बघितलं. ते पडद्याकडे बघत नव्हते. आमच्या तोंडांकडे बघत होते, आणि आम्ही हसलो की मागून हसत होते. मध्येच ते उठले, चपला अडकवल्या आणि ओसरीवर गेले.

कल्याणीने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात सगळं होतं. आता तर सिनेमाही सुटला, कारण तो नीट लावणारा तू.

पाडव्याच्या सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो. स्वयंपाकघरात पुरणाची घाई चालली होती, मिक्सर घरघरत होता. हॉलमध्ये बाबा एकटेच टीव्हीसमोर बसले होते. पडद्यावर कालचाच सिनेमा, मधोमध चाक आणि खाली इंग्रजी अक्षरं. रिमोट त्यांच्या हातात होता. म्हणजे मी बंद केलेली अक्षरं त्यांनीच पुन्हा चालू केली होती.

मला खरोखर राग आला. अडवायचंच असेल तर सरळ तोंडावर सांगा की बाबा रे, तू नकोस. असा डब्याआडून सूड कशाला?

"बाबा," मी मागून म्हणालो.

त्यांनी उत्तर दिलं नाही. चाक थांबलं, सिनेमा हलला. नायिका रडत रडत काहीतरी बोलली, बाबांनी खालची ओळ ओठ हलवत वाचली आणि मान डोलावली.

"बाबा!" आता मी चांगलाच ओरडलो.

काही नाही. त्याच वेळी मिक्सर बंद झाला आणि घर एकदम शांत झालं. इतकं शांत, की टीव्हीतूनही काही ऐकू येत नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात आवाज बंद असल्याची खूण दिसत होती. रिमोटवरचं बटण चुकून दाबलं गेलं असणार, आणि बाबांना त्याचा पत्ताच नव्हता.

माझा राग कुठच्या कुठे गेला. मी जाऊन त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. ते दचकले आणि रिमोट मांडीखाली सारला.

"थांबते मधामधात," ते ओशाळून म्हणाले, "पण वाचता येते."

"बाबा, आवाज बंद आहे."

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. मग पडद्याकडे. मग आपल्या पायांकडे.

"जिनिंगच्या मशिनीच्या आवाजात आयुष्य गेलं जावईबापू," ते म्हणाले. "एक जमाना होता, दारातून आत पाय ठेवला की आवाजावरून सांगत होतो, कोणत्या नंबरच्या जिनाचा रोलर घासून राह्यला. मालक लोक बोलावून नेत होते मले, या वामनरावचा कान म्हणजे कान. अन् आता त्याच वामनरावले घरात कोणी हाक मारली तं ऐकू येत नाही. कोणाले सांगू?"

"आईंना माहीत आहे?"

"तिले कसं नसंल? ती तं बोलते सारं दुसऱ्यांदा माह्यासाठी. चेहऱ्यापुढं बोललं तं समजते थोडं. फोनवर काही नाही समजत. नुसता गुणगुण आवाज येते. म्हणून पोरीचा फोन आला की देऊन टाकतो तिच्या मायले."

"आणि लग्नाची फिल्म?"

"त्यात खाली काही लिहिलेलं नाही ना. सारे हसतात, मले समजत नाही काय झालं. पोरीचं लग्न, अन् मी बावळटासारखा बसून राहू? त्यापरीस बाहेर बरं."

मी विचारायचं टाळत होतो ते शेवटी विचारलं. प्रत्येक शब्द सुटा सुटा करून. "पाठवणीला कल्याणी तुमच्या कानात काहीतरी बोलली. तुम्ही हो हो म्हणालात. काय बोलली ती?"

बाबांचा चेहरा उजळला. "तेव्हा तं बँडवाले पार कानापाशी उभे होते. पण पोरगी बापाले काय म्हणंल त्या टायमाले? येते बाबा, तब्येत सांभाळा. मी म्हटलं हो हो."

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदमच. त्या दोन अक्षरांपायी माझी बायको वर्ध्यापर्यंत रडली होती आणि त्यानंतरही कितीदा तरी.

"तिले सांगू नका बरं," बाबा म्हणाले. "मी सांगीन माह्या मनानं. नव्या जावयाच्या घरी बहिरा सासरा म्हणून नाव नको व्हायले. वचन द्या, एक शब्द बोलणार नाही म्हणून."

"एक शब्द बोलणार नाही," मी म्हणालो, आणि ते शब्दशः पाळलं.

मी माझा लॅपटॉप घेऊन माडीवर गेलो. डिस्कमधली सबटायटल ही चित्रं असतात हे खरं, पण आपण स्वतः टाइप केलेली साधी अक्षरं डब्याला जड जात नाहीत. ती तो कणकेत मळत नाही, वाटीतल्या तुपासारखी पोळीशेजारी वाढतो आणि टीव्ही आपली आपण लावून घेतो. मी लग्नाची फिल्म उघडली आणि ऐकत ऐकत खाली मराठीत लिहीत गेलो. मंगलाष्टकं, मामांचे विनोद, जेवणाच्या पंगतीतली ओरड, सगळं. शेवटचा तुकडा लिहिताना मात्र हात थांबला. बँडच्या गोंगाटात तिथे कुणाचाच आवाज येत नव्हता. पण ती काय बोलली होती ते मला पाठ होतं.

दुपारी हॉलमध्येच पाटावर बसलो. समोर पुरणपोळी आणि तुपाची भरलेली वाटी. आईंनी ओवाळलं. बाबांनी माझ्या हातात घड्याळाची डबी ठेवली.

"असं कसं?" मामा ओरडले. "जावई रुसला नाही, काही नाही, अन् दिवाळसण झाला? रुसा बाप्पा! मागा काहीतरी भारी!"

आदल्या दिवशीपासून ते मागे लागले होते आणि मी लाजून टाळत होतो. आता मी ताट पुढे सरकवलं आणि हाताची घडी घातली.

"रुसलो."

एकच कल्ला झाला. कल्याणी तोंडावर हात घेऊन हसायला लागली. आई म्हणाल्या, "अहो, जावई रुसले म्हणतात!" बाबा खुशीत आले. "मागा जावईबापू! काय पाहिजे? स्कूटर?"

मी त्यांच्याकडे तोंड करून सावकाश म्हणालो, "लग्नाची फिल्म लावायची. सगळ्यांनी बसून बघायची. तुम्हीसुद्धा. शेवटपर्यंत उठायचं नाही. तोपर्यंत मी घास घेणार नाही."

बाबांचं हसू मावळलं. कल्याणीचंही. पण जावयाचा रुसवा म्हणजे रुसवा, तिथे सासऱ्याचं काही चालत नाही. मामांनी टीव्ही लावला.

पहिली ओळ खाली उमटली आणि बाबा पुढे सरकून बसले. "भटजी: मुलाच्या मामांनी पुढे यावं." मग, "शरदमामा: मुलाचे मामा जेवायले बसले, माह्यावर भागवा." बाबा हसले, आणि आमच्या आधी हसले. माझी सासू त्यांच्याकडे बघतच राहिली. ते एकेक ओळ वाचत होते, मांडीवर थाप मारत होते. "हे असं म्हटलं होतं होय रे तू?" ते मामांना विचारत होते. "मले आता समजून राह्यलं!"

"म्हणजे काय?" कल्याणी म्हणाली. "बाबा, तुम्ही तिथेच तर उभे होतात."

त्यांना ते ऐकू गेलं नाही. ते वाचत होते.

पाठवणी आली. पडद्यावर कल्याणी बाबांच्या गळ्यात पडली, बँडवाले जोरात वाजवत होते, आणि खाली अक्षरं आली.

"कल्याणी: बाबा, माझ्यावर रागावलात का?"

"बाबा: हो, हो."

बाबांनी मामांच्या हातातून रिमोट घेतला, फिल्म मागे नेली आणि पुन्हा वाचलं. मग पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा त्यांनी ती थांबवली. दोन्ही ओळी तशाच पडद्यावर राहिल्या.

"हे विचारलं होतं तू?" ते म्हणाले.

कल्याणीने होकारार्थी मान हलवली.

"अन् मी हो म्हटलं?"

ते उठले, ताटांना वळसा घालून तिच्याजवळ गेले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांचा आवाज नको तेवढा मोठा होता, बहिऱ्या माणसाचा असतो तसा, आणि तो आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकू आला.

"मले ऐकू येत नाही माय. तुह्या लग्नाच्या आधीपासून नाही. त्या दिवशी तू काय बोलली ते मले आत्ता समजलं. मी कायचा रागावतो तुह्यावर? नाही वो बाई. नाही, नाही, नाही."

कल्याणीने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि वर्ध्याच्या रस्त्यावर रडली होती तशीच रडली, फक्त आता हसतही होती. आईंनी सवयीने तोंड उघडलं, "अहो, ती म्हणते..." आणि मग त्यांनीही पदर डोळ्यांना लावला. या वेळी पुन्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सगळ्यात आधी सावरले ते मामा. "जावईबापू, आता तरी जेवा. तूप थिजलं."

"अजून रुसवा गेला नाही," मी म्हणालो. "उद्या बाबा माझ्याबरोबर नागपूरला कानाच्या डॉक्टरकडे येतात की नाही?"

बाबांनी माझे ओठ वाचले. मग हसून म्हणाले, "हो हो. या टायमाले समजून म्हणतो."

त्याला आता बरीच वर्षं झाली. तो डबा केव्हाच निकामी झाला, त्याच्या जागी दुसरा आला, मग तिसरा. लग्नाची फिल्म प्रत्येकात उतरवली, अक्षरांसकट. बाबांच्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत आणि फोन आता तेच आधी उचलतात, आईंना मिळूच देत नाहीत. बाप-लेकीचं बोलणं तासभर चालतं. सिनेमा, हवा, मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. फोन ठेवायच्या आधी कल्याणी न चुकता विचारते, "बाबा, माझ्यावर रागावलात का?"

आणि पलीकडून, लख्ख ऐकून, मुद्दाम उत्तर येतं, "हो हो!" मग दोघं इतकी हसतात की मला दुसऱ्या खोलीत माझं काम थांबवावं लागतं.